इतर, नमूद करा

सरांना एकशेवीस अर्ज हवेत, मार्चअखेर.
माझ्याकडे एकोणऐंशी झालेत,
त्यातले अकरा अर्धवट, एकावर चहा सांडलेला.
प्रकल्पाचं नाव इतकं लांब
की फाइलच्या कण्यावर मावत नाही;
मी नुसतं लिहिलंय: परदेशी मुलं.

प्रतापगंज, मुलींचं होस्टेल, तिसरी पायरी.
नीमा. टांझानिया, गाव म्वांझा, एम.एस्सी. दुसरं वर्ष.
मैत्रिणीच्या केसांच्या बारीक वेण्या घालतेय,
उत्तरं देताना हात थांबत नाहीत.

प्रश्न नऊ. भाषेची अडचण.
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे फारच.
'कुठल्या भाषेची?' ती म्हणते,
'सर वर्ग इंग्रजीत घेतात
आणि विनोद गुजरातीत करतात.
वर्गाला दोन लिही, विनोदाला पाच.'
तसा रकाना नाही.
मी साडेतीन काढते मनात, आणि तीनला गोल करते.

'तशी गुजराती मला थोडी येतच होती.
आमच्या गल्लीत एका कच्छी शेठचं दुकान.
दुकानाला आम्ही दुका म्हणतो, माहितीये?
त्याचा हिशेब ऐकत मोठी झाले मी.
इथं आल्या दिवशी "केटला थया" विचारलं
तर रिक्षावाला असा दचकला,
पैसेच घेईना आधी.'

प्रश्न चौदा. सांस्कृतिक धक्का, एका वाक्यात.
'मगर.'
म्हणजे?
'विश्वामित्रीतली. आमच्याकडे अख्खं सरोवर आहे,
मगरीही आहेत,
पण त्यांच्या इतकं शेजारी कुणी कॉलेज नाही बांधत.'
वेणीतली मैत्रीण हसते, डोकं हलतं,
एक पेड सुटतो.

प्रश्न सोळा मी वाचते जरा घाईघाईत.
निवासस्थान शोधताना भेदभाव.
'फतेगंजला एक खोली होती,' नीमा म्हणते,
'फोनवर होती.
आम्ही दारात पोचेपर्यंत गेली.'
इथं हात थांबतात.
आकडा ती सांगत नाही.
मीही विचारत नाही.
कडेला नळावर कुणीतरी बादली सरकवतं.

मग म्हणते, 'दे इकडे. आता तुझी पाळी.'
कोरा अर्ज, माझंच पेन.
नाव? मृदुला धायबर.
या शहरात किती वर्षं?
चार पिढ्या. पणजोबा तबेल्यात नोकरीला आले, ते राहिले.
'वर्षं लिहायचीत,' ती बजावते, 'पिढ्या नाही.'
मातृभाषा? मराठी.
'म्हणजे तुझ्या घरी जी बोलतात ती?'
मी हो म्हणते, आणि थबकते.
पुण्याला मावसबहिणींत 'येशील ने?' म्हटलं
की त्या एकमेकींकडे बघतात.
इथं शेजारच्या रंजनबेन पंचवीस वर्षं विचारतायत,
तुमच्या गावी जाणार की नाही दिवाळीला.
कुठलं गाव?

नीमा प्रश्न नऊवर पेन टेकवून बसलेली.
'एक ते पाच?'
मला आठवतात सर, सोमवारी म्हणाले होते:
ज्याचं उत्तर रकान्यात बसत नाही
तो अर्ज सरळ बाद कर.

संध्याकाळी तिघी कीर्तिस्तंभापाशी शेव उसळ खायला.
तर्री वाटीत वेगळी, पाव मऊ, वर कांद्याची पात.
'ही तुमची की यांची?' मैत्रीण विचारते.
मी तोंड उघडायच्या आत
भैया डाव आपटून म्हणतो, 'आ तो वडोदरानी!'
आणि तिच्या वाटीत न विचारता
आणखी तिखट ओततो.

रात्री नोंदवहीत चढवते: क्रमांक ऐंशी, नीमा,
प्रश्न सोळा, निरंक.
निरंक खोडते. बाजूला लिहिते
खोली, फोनवर होती.
ओळ संपते, अक्षर बारीक करत समासात जाते.

एक अर्ज हिशेबात कमी भरतोय.
तो माझ्या पर्समध्ये आहे, घडी घालून,
तिच्या तिरक्या अक्षरात माझं नाव, धायबरमधला ध चुकलेला,
आणि नवाव्या प्रश्नावर पेनचा एक ठिपका.
ऑफिसात कुणी विचारलंच
तर सांगेन, चहा सांडला.